पाचव्या निष्ठेचा हिशेब

२०२४ च्या फेब्रुवारीतील एका आठवड्याचे दिनमान पाहण्यासारखे आहे. ११ फेब्रुवारी हा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचा स्मृतिदिन. भारतीय जनता पक्षाचे कार्यकर्ते हा दिवस समर्पण दिन म्हणून पाळतात. १९६८ साली मुगलसराय स्थानकाच्या आवारात सापडलेल्या त्या निष्प्राण देहाचे स्मरण करतात आणि आपापल्या ऐपतीप्रमाणे पक्षकार्यासाठी निधी देतात. त्या वर्षी या स्मृतिदिनानंतर दोनच दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या राज्यसभा उमेदवारांच्या यादीत त्यांचे नाव आले. १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवून रद्द केली. समर्पण, प्रवेश आणि निकाल या तिन्ही गोष्टी पाच दिवसांत घडल्या.

या तीन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असे पक्षाचा प्रवक्ता सांगेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असेल. परंतु ज्या कार्यकर्त्याने ११ तारखेला पावतीपुस्तक काखोटीला मारून शंभर-दोनशे रुपयांसाठी चार जिने चढले, त्याच्या मनात या तीन तारखा एकाच ओळीत येऊन उभ्या राहिल्या. त्या ओळीचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही, कारण विचारण्याची सवय हळूहळू मोडत गेली आहे. तो प्रश्न विचारणे आता आवश्यक झाले आहे, आणि तो विरोधकांनी विचारण्यापेक्षा घरातल्यांनीच विचारणे अधिक उचित आहे.

६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला पक्षाचे पहिले महाधिवेशन भरले. अटलबिहारी वाजपेयी अध्यक्ष होते. नव्या पक्षाने पाच निष्ठा स्वीकारल्या : राष्ट्रवाद व राष्ट्रीय एकात्मता, लोकशाही, सर्वधर्मसमभाव, गांधीवादी दृष्टीची समाज-अर्थनीती आणि मूल्याधिष्ठित राजकारण. पक्षाच्या घटनेत या निष्ठांना स्थान आहे. सदस्य होणारा प्रत्येक जण त्यांवर आपला विश्वास असल्याचे लिहून देतो. पहिल्या चार निष्ठा देशाचे काय व्हावे हे सांगतात. पाचवी निष्ठा पक्षाने स्वतः कसे वागावे हे सांगते. म्हणून ती सर्वांत शेवटी लिहिलेली असली, तरी हिशेब तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

ध्येयपूर्ती आणि व्यवहार

प्रथम जे निर्विवाद आहे ते मान्य केले पाहिजे. ज्या ध्येयांसाठी जनसंघापासून तीन पिढ्या झिजल्या, त्यांतील मोठी ध्येये या पक्षाने पूर्ण केली. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी १९५३ साली श्रीनगरच्या स्थानबद्धतेत प्राण ठेवले, ते ज्या प्रश्नासाठी, तो अनुच्छेद ३७० चा प्रश्न ५ ऑगस्ट २०१९ रोजी निकाली निघाला. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली. तात्काळ तिहेरी तलाकला २०१९ च्या कायद्याने बंदी आली. एखाद्या पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातील सर्वांत अवघड वचने, ज्यांची तीन-चार दशके टिंगल झाली, अशी शब्दशः पूर्ण करावीत, हे भारतीय राजकारणात विरळाच घडते. ज्यांनी हे केले त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही.

परंतु नेमक्या याच यशाच्या आडोशाने एक युक्तिवाद रूढ झाला आहे. ‘ध्येये पूर्ण होत आहेत ना? मग ती कोणाच्या मदतीने, कोणत्या मार्गाने, याची चिकित्सा कशाला?’ असे विचारले जाते. हा युक्तिवाद बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फिरण्यात, सर्वत्र ऐकू येतो. साध्य शुद्ध असेल तर साधनाची चौकशी करू नये, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, ज्या कम्युनिस्टांना या विचाराने आयुष्यभर विरोध केला, त्यांच्यावरचा मुख्य आक्षेपच हा होता. आपल्या अंगणातील तुळस उपटून तेथे शेजाऱ्याचे निवडुंग लावावे, तसे हे झाले.

एखादा पक्ष आपल्या तत्त्वांनुसार जगतो की नाही, हे जाहीरनाम्यावरून कळत नाही, कारण जाहीरनामा सर्वांचाच देखणा असतो. विजयावरूनही ते कळत नाही, कारण विजय तत्त्वशून्यांनाही मिळतो. ते कळायला एकच प्रश्न पुरेसा आहे : तत्त्वासाठी या पक्षाने जाणूनबुजून काय गमावले, आणि शेवटचे केव्हा गमावले?

गमावण्याचा इतिहास

या प्रश्नाला भूतकाळाने दिलेली उत्तरे स्पष्ट आहेत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजस्थानात जनसंघाचे मोजके आमदार निवडून आले. जमीनदारी आणि जहागीरदारी नष्ट करण्यास पक्ष वचनबद्ध होता आणि निवडून आलेल्यांपैकी बहुतेक जण जहागीरदारांच्या हितसंबंधांशी बांधलेले होते. वचन पाळायचे की आमदार राखायचे, अशी वेळ आली तेव्हा पक्षाने वचन पाळले आणि बहुसंख्य आमदारांना निरोप दिला. विधानसभेतील पक्ष जवळजवळ संपला. जे थोडे मागे राहिले, त्यांत भैरोसिंह शेखावत नावाचा एक तरुण होता. पुढे तो तीनदा राजस्थानचा मुख्यमंत्री आणि २००२ साली देशाचा उपराष्ट्रपती झाला. त्या वेळच्या वजाबाकीतून नंतरचा गुणाकार झाला.

१९६३ साली जौनपूरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द दीनदयाळजी उभे होते. जातीचे गणित मांडून मते मागावीत, असा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही आणि ते पराभूत झाले. १९७७ साली बलरामपूरहून लोकसभेत गेलेल्या नानाजी देशमुखांना केंद्रात मंत्रिपद मिळत होते. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या या माणसाने ते नाकारले, पुढे सत्तेच्या राजकारणाकडेच पाठ फिरवली आणि गोंडा व चित्रकूटची वाट धरली. एप्रिल १९८० मध्ये जनता पक्षाने दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न निकराला नेऊन, पक्षात राहायचे तर संघाशी नाते तोडा असे बजावले. तेव्हा पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांनी पक्ष सोडला, नाते सोडले नाही. भाजपचा जन्मच मुळी एका नकारातून झालेला आहे.

जानेवारी १९९६ मध्ये जैन हवाला प्रकरणाच्या आरोपपत्रात नाव येताच लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोषत्व सिद्ध होईपर्यंत निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. त्या वर्षीची लोकसभा निवडणूक त्यांनी लढवली नाही. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्दबातल केले, तेव्हाच ते पुन्हा मैदानात उतरले. १९९६ च्या मे महिन्यात वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांत गेले. पक्ष फोडून जमणाऱ्या बहुमताला आपण शिवणार नाही, असा त्यांच्या त्या दिवशीच्या भाषणाचा आशय होता. १७ एप्रिल १९९९ रोजी त्यांचे नंतरचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे, एका मताने पडले. त्या एका मताची किंमत दिल्लीच्या बाजारात त्या रात्री किती असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. तो बाजार मांडला गेला नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी वाजपेयींना पुन्हा निवडले.

हा इतिहास सोवळा होता, असा दावा कोणी करू नये. १९६७ साली बिहारच्या संयुक्त सरकारात जनसंघ कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात इतर पक्षांतून फुटून आलेल्यांच्या बळावर कल्याणसिंह सरकार टिकले आणि त्या फुटिरांना सामावून घेण्यासाठी त्र्याण्णव मंत्र्यांचे मंत्रिमंडळ बनवावे लागले. २००१ साली पक्षाध्यक्ष बंगारू लक्ष्मण चित्रफितीत एक लाख रुपये घेताना दिसले आणि त्यांना पद सोडावे लागले. २०१२ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. दोष तेव्हाही घडत होते. फरक इतकाच की, दोष घडला की लाज वाटत असे आणि ती लाज कृतीत उतरत असे.

त्या लाजेचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे राज्यघटनेची ९१ वी दुरुस्ती. वाजपेयी सरकारने २००३ च्या अखेरीस ती संमत करून घेतली. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला. पक्षाच्या एकतृतीयांश सदस्यांनी बाहेर पडून ‘फूट’ म्हणवून घ्यायची पळवाट बंद झाली. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद मिळणार नाही, असे ठरले. १९९७ च्या लखनौचे ते प्रायश्चित्तच होते. आयाराम-गयारामांच्या हंगामाला ज्या पक्षाने कायद्याचे कुंपण घातले, त्या पक्षाचे नाव भारतीय जनता पक्ष असे होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ल्याची कहाणी येथून सुरू होते. कर्नाटकात २००८ साली बहुमताला थोडे कमी पडताच दुसऱ्या पक्षाच्या आमदारांनी राजीनामे द्यायचे आणि कमळावर पुन्हा निवडून यायचे, अशी युक्ती निघाली. तिला ‘ऑपरेशन कमळ’ हे नाव मिळाले. पवित्र चिन्हाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवणारे ते नाव पक्षातील कोणालाही खटकले नाही. २०१९ साली तोच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला. काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाचे सतरा आमदार अध्यक्षांनी अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र त्यांना पोटनिवडणूक लढवण्याची मुभा दिली. पंधरा जागांच्या पोटनिवडणुकीत भाजपने बारा जिंकल्या. कायद्याचे अक्षर पाळले गेले, पण आत्मा मुंबईच्या हॉटेलात राहिला. २०२३ च्या निवडणुकीत त्याच कर्नाटकात पक्ष सहासष्ट जागांवर आला. उसनी आणलेली गर्दी अडचणीच्या वेळी घर राखत नाही, हे कळायला एवढा अनुभव पुरेसा होता.

गोव्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये उडी घेतली. त्याचा धसका घेऊन २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडणुकीत भाजपला चाळीसपैकी वीस जागा मिळाल्या. मगो पक्ष आणि अपक्षांच्या पाठिंब्याने सरकार निर्वेध झाले. सत्तेला कोणताही धोका नव्हता. तरीही १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांना पक्षात घेण्यात आले. देवी महालक्ष्मीसमोर घेतलेली शपथ मोडून ते आले आणि ज्या पक्षाने श्रद्धेचा मान राखण्याचे व्रत घेतले आहे, त्या पक्षाने त्यांना हार घातले. ज्याला देवीसमोरच्या शब्दाचे मोल नाही, त्याला पक्षाच्या प्रतिज्ञापत्राचे मोल किती असणार, एवढा साधा विचारही कोणाला सुचला नसेल काय? येथे तर निकडीची सबबही उरत नाही. गरज नसताना केलेली तडजोड म्हणजे सवय.

महाराष्ट्रात २०१९ साली जनादेशाचा अवमान प्रथम कोणी केला, याविषयी या पृष्ठांच्या वाचकांना शंका नाही. युती म्हणून मते मागून निकालानंतर पाठ फिरवणाऱ्यांवरचा राग न्याय्य होता. परंतु दुसऱ्याने शब्द मोडला म्हणून आपलाही शब्द मोडण्याचा परवाना मिळत नाही. सिंचन प्रकल्पांतील कथित गैरव्यवहाराविरुद्ध विरोधी पक्षात असताना भाजपने रान उठवले. २०१३ साली पक्षाच्या नेत्यांनी पुराव्यांची कागदपत्रे बैलगाडीतून चितळे समितीकडे नेली. राज्यातील सत्तांतराला त्या बैलगाडीचा मोठा हातभार लागला. २७ जून २०२३ रोजी भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवरील सुमारे सत्तर हजार कोटींच्या आरोपांचा उल्लेख केला. बरोबर पाच दिवसांनी, २ जुलैला, त्याच पक्षाचा मोठा गट राज्यातील सत्तेत सहभागी झाला.

त्या गटातील कोणावरही सिंचन प्रकरणात न्यायालयाने दोष ठेवलेला नाही, हे खरे. आदर्श प्रकरणात अशोक चव्हाण यांच्यावर खटला चालवण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केली, हेही खरे. म्हणून येथे कोणाच्या अपराधाचा निवाडा करायचा नाही. प्रश्न त्यांच्या वर्तनाचा नाहीच, प्रश्न आरोप करणाऱ्यांच्या सत्यनिष्ठेचा आहे. आरोप खरे होते असे पक्षाला वाटत असेल, तर आरोपितांना शेजारी कसे बसवले? आणि आरोप खोटे होते असे आता वाटत असेल, तर ज्या मतदाराने त्या आरोपांवर विश्वास ठेवून मत दिले, त्याची क्षमा कधी मागितली? दोन्हींपैकी एक तरी उत्तर द्यावेच लागेल. मौन हे तिसरे उत्तर नव्हे.

रोख्यांचा धडा

जे माणसांच्या आयातीचे, तेच पैशाचे. निवडणूक रोख्यांच्या योजनेत देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जी माहिती उघड झाली, त्यानुसार एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपला या मार्गाने सुमारे सहा हजार कोटी रुपये मिळाले. इतर कोणत्याही पक्षापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी होती. तृणमूल आणि काँग्रेसनेही रोखे घेतलेच, तेव्हा त्यांनी नैतिकतेचे प्रवचन देऊ नये. परंतु मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेण्यास नकार दिला आणि योजनेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्या पक्षाच्या हातून नंदीग्रामसारखे काय काय घडले, ते सर्वश्रुत आहे. त्याच्याविषयी ममत्व बाळगण्याचे कारण नाही. पण तत्त्वासाठी पैसा नाकारणे म्हणजे काय, याचे उदाहरण ज्यांच्याशी आयुष्यभर वैचारिक झुंज दिली त्यांच्या दारात सापडावे, यासारखी दुसरी नामुष्की कोणती? जो पक्ष समर्पण निधीच्या पावतीवर देणाऱ्याचे नाव लिहितो, त्याने सहा हजार कोटींची नावे झाकणारी व्यवस्था उभी केली. शंभर रुपयांना नाव आणि कोटींना पडदा, हा न्याय कोणत्या निष्ठेत बसतो?

समर्थनांची परीक्षा

या सगळ्याची समर्थने तयार असतात. पहिले समर्थन वाल्याच्या वाल्मीकीचे. चुकलेला माणूस सुधारू शकतो, त्याला दार बंद का करावे? विचार उदात्त आहे. पण वाल्याने आधी आपल्या पापाचा वाटेकरी कोण, हे घरी जाऊन विचारले, मग तप केले, अंगावर वारूळ चढेपर्यंत केले आणि नंतर तो वाल्मीकी झाला. येथे सकाळी प्रवेश आणि दुसऱ्या दिवशी उमेदवारी. वारुळाला मुंगीने एक कण आणून ठेवावा, इतकाही अवधी मिळत नाही. पश्चात्तापाचा एक शब्द उच्चारावा लागत नाही. जुन्या कार्यकर्त्याने विस्तारक म्हणून, शाखाध्यक्ष म्हणून, पन्नाप्रमुख म्हणून तपे घालवायची आणि नव्याने येताच राज्यसभा गाठायची, याला परिवर्तन म्हणत नाहीत.

दुसरे समर्थन शिवरायांचे. महाराजांनीही शत्रूशी तह केले, शत्रूचे सरदार आपल्याकडे वळवले, असे सांगितले जाते. जरूर वळवले. परंतु त्याच महाराजांनी सरदारांना वतने-जहागिरी देण्याऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले, कारण वतनाच्या लोभाने आलेला माणूस वतनासाठीच लढतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांना माणसे टिकवण्यासाठी वतने पुन्हा द्यावी लागली. निकड खरी होती आणि स्वराज्य त्या वादळातून तगले, हेही खरे. पण त्या दिवसापासून सरदार आपापल्या मुलखाचे धनी होत गेले आणि एका राज्याचा संघ झाला. पुढच्या शतकात त्याची किंमत मोजावी लागली. शिवचरित्राचा दाखला देणाऱ्याने पुढची दोन प्रकरणेही वाचावीत.

तिसरे समर्थन सर्वांत व्यवहारी : निकाल पाहा. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात अठ्ठावीस जागा लढवून नऊच मिळाल्या, तेव्हा क्षणभर आत्मपरीक्षणाची भाषा ऐकू आली. सहाच महिन्यांत, नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत, पक्षाने एकट्याने १३२ जागा जिंकल्या आणि ती भाषा विरून गेली. ज्याच्या हाती ससा तो पारधी! वस्तुतः दोन्ही निकालांचा अर्थ एकच होता. कार्यकर्ता रुसून घरी बसला की काय होते, हे पहिल्याने दाखवले. तोच कार्यकर्ता राग गिळून, ‘आपले सरकार गेले तर हिंदू समाजाचे काय होईल’ या काळजीने पुन्हा बाहेर पडला की काय होते, हे दुसऱ्याने दाखवले. त्याने तत्त्वच्युतीला मान्यता दिली नव्हती, तिच्याकडे डोळेझाक केली होती. सुज्ञ नेतृत्वाने या दोहोंतील अंतर ओळखायला हवे होते. विजयाने प्रश्न सुटला नाही, विचारणारा तेवढा गप्प झाला.

युती आणि आयात यांतही गल्लत करू नये. १९९८ साली वाजपेयींनी अनेक पक्षांना बरोबर घेतले, तेव्हा राममंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा हे विषय बाजूला ठेवले. ते कार्यकर्त्याला बोचले. पण ती तडजोड जाहीर होती, समान कार्यक्रमात लिहिलेली होती, आणि पक्ष म्हणून भाजपने आपले विषय सोडले नव्हते. मित्राशी तडजोड करताना दोन घरांमधली भिंत शिल्लक राहते. आयातीत भिंतच पाडली जाते आणि मग घर कोणाचे, हे सांगता येईनासे होते.

किंमत कोण मोजतो?

या व्यवहाराची किंमत नेते मोजत नाहीत. ती मोजतो तो कार्यकर्ता, ज्याने कधी काही मागितले नाही. आणीबाणीत मिसाखाली येरवड्यात आणि नाशिकला एकोणीस महिने काढलेल्यांची घरे आठवावीत. त्या घरांतील गृहिणींनी शिवणकाम करून, शिकवण्या घेऊन संसार चालवले. त्यांना पक्षाने पेन्शनचे वचन दिले नव्हते. दिले होते ते एवढेच की, आपण इतरांसारखे नाही. त्या एका वाक्यावर दोन पिढ्यांनी सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, मतदारयाद्या उन्हात तपासल्या. आज त्याच घरातील तिसऱ्या पिढीचा मुलगा विचारतो, ‘बाबा, मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?’ आणि बाबा वर्तमानपत्र पुढे धरतात. हा मुलगा उद्या मत देईल, कदाचित कमळालाच देईल. पण तो दारोदार फिरणार नाही. मतदार पैशाने, योजनेने, भीतीने, लाटेने मिळवता येतो. कार्यकर्ता केवळ विश्वासाने मिळतो आणि तो विहिरीतल्या पाण्यासारखा असतो. उपसा दिसतो, पातळी खाली गेल्याचे मात्र दोर अपुरा पडल्यावरच कळते. काँग्रेसची विहीर अशीच आटली. १९७१ आणि १९८४ च्या प्रचंड विजयांच्या काळातच ती आटत होती. तेव्हा कोणी वाकून पाहिले नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. अन्य पक्षांतून येणाऱ्याला निदान तीन वर्षे कोणतीही उमेदवारी वा पद मिळणार नाही, त्याने आधी सामान्य सदस्य म्हणून काम करावे, असा नियम पक्षाच्या घटनेत लिहिता येईल. ज्यांच्यावर पक्षाने जाहीर आरोप केले, त्यांना जवळ करण्यापूर्वी ते आरोप मागे घेत आहोत की कायम ठेवत आहोत, याचे निवेदन लेखी द्यावे. मोठ्या देणगीदारांची नावे कायद्याची सक्ती होण्याची वाट न पाहता पक्षाने स्वतःहून प्रसिद्ध करावीत. आणि १९५७ साली मावळातून विधानसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी जसा आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत, तसा प्रत्येक लोकप्रतिनिधीने ठेवावा. म्हाळगींच्या नावाने प्रबोधिनी चालते, प्रशिक्षण वर्ग भरतात, तसबिरीला हार पडतो. त्या अहवालाची परंपरा तेवढी पुढे चालवली की पुरे.

यांतील प्रत्येक उपायात काहीतरी गमवावे लागेल. काही आमदार येणार नाहीत, काही धनिक हात आखडता घेतील, एखादे राज्यही हातचे जाईल. पण ज्या पक्षाने राजस्थानात आमदार गमावले, जौनपूरमध्ये दीनदयाळजींचा पराभव पत्करला आणि दिल्लीत एका मताने सरकार जाऊ दिले, तो पक्ष संपला नाही, उलट त्यातूनच तो मोठा झाला. तेव्हा गमावण्याची भीती त्याने बाळगावी, असे त्याच्या इतिहासात काही नाही.

पुढच्या मंडल बैठकीत अहवाल वाचून होतील, सदस्यसंख्येचे आकडे सांगितले जातील, टाळ्या पडतील. ‘काही सूचना?’ असे अध्यक्ष नेहमीप्रमाणे विचारतील. मागच्या रांगेतील कोणीतरी उठून शांतपणे विचारावे, की तत्त्वासाठी आपण शेवटचे काय सोडले आणि कोणत्या वर्षी? उत्तर आले तर ते इतिवृत्तात नोंदवावे. आले नाही, तर प्रश्न तरी नोंदवावा.